बसमधला खाऊ आणि एक उपाशी माणूस

मागच्या महिन्यात आम्ही ऑफिसातले वीस जण पुण्याहून बस करून शिरपूर जैनला गेलो. वाशिम जिल्ह्यातल्या या गावातलं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर दोन पंथांच्या वादात १९८१ पासून बंद होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते मार्च २०२३ मध्ये उघडलं. टीममधल्या जैन मित्राला तेव्हापासून जायचं होतं, म्हणून ही ट्रिप.

खाऊचं खातं माझ्याकडे. ग्रुपवर मतदान घेतलं आणि बटाटा वेफर्स, लसूण घातलेलं भडंग, कांद्याच्या कचोऱ्या घेतल्या. तो आपला प्रत्येक वेळी "भूक नाही रे" म्हणत होता. अहिल्यानगर कधीच मागे पडलं, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. कांदा, लसूण, बटाटा त्याला चालत नाही, सूर्यास्तानंतर तो जेवत नाही. ज्याच्यामुळे निघालो, तोच उपाशी!

माझं मत सांगतो. बसचा खाऊ बहुमताने ठरवू नये. "काय आवडतं?" नंतर विचारा, आधी "काय चालत नाही?" ते विचारा. खाकरा, केळ्याचे वेफर्स, शेंगदाण्याची चिक्की, बिनलसणाचा पोह्यांचा चिवडा सगळेच खातात. (शेंगदाणा जमिनीखाली येतो, पण कंद नाही, बहुतेक जैनांना चालतो. तरी विचारलेलं बरं.)

"एकासाठी एकोणीस जणांनी का सोसायचं?" अहो, आपलं जातं एक वेफर्सचं पाकीट. त्याचा जातो अख्खा दिवस!

परतताना सूर्यास्ताआधी बस थांबवली आणि सगळे एकत्र जेवलो. त्याला भूक होती. चांगलीच होती.