सुतळीच्या जागी माणूस : घरच्या गाडीतून प्लाय आणि फळ्या नेणाऱ्यांसाठी



आजचा लेख थोडा कडक आहे. वाचून राग आला तर येऊ द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

रविवारी सकाळी कुठल्याही प्लायवूडच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभे राहा. एक छोटी गाडी येते. डिकी उघडते, मागची सीट आडवी होते, आठ फुटी पट्ट्या आत सरकवल्या जातात आणि तीन फूट बाहेरच राहतात. सुतळीचे दोन वेढे, टोकाला लाल फडकं. प्लायची अख्खी शीट आत मावत नाही म्हणून ती टपावर चढते. मग मालक सुताराच्या हाताखालच्या पोराला सांगतो, "तू खिडकीतून हात काढून फक्त धरून बस रे."

मी हाडांचा डॉक्टर आहे. "फक्त धरून बस" याचा अर्थ काय होतो, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

एक पेशंट

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय एकोणीस. टपावर प्लायची शीट आणि हा डाव्या खिडकीतून उजवा-डावा जमेल तो हात वर काढून बसलेला. गावातल्या रस्त्यावर काही झालं नाही. बायपासला गाडीने वेग घेतला, गतिरोधकावर शीटची पुढची कड उचलली गेली आणि वारा खाली शिरला. शीट उडाली ती त्याचा हात सोबत घेऊन, वर आणि मागे.

हात वर आणि मागे ओढला जाणं म्हणजे खांदा निखळण्याची अगदी ठरलेली पद्धत. भूल देऊन सांधा त्याच दिवशी बसवला. पण सांध्याला लागून जाणारी नस ताणली गेली होती. दंडाच्या वरच्या भागाला बधिरपणा आणि हात बाजूला उचलताच येईना. अशी नस बहुतेक वेळा परत येते, पण महिने जातात. रोजंदारीवर काम करणाऱ्या मुलाचे महिने.

गाडीचे मालक भले गृहस्थ होते. सगळा खर्च त्यांनी केला. पण पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "डॉक्टर, दोन किलोमीटरच तर जायचं होतं."

हाताने धरून काय धरणार?

थोडा हिशोब करू. आठ बाय चारची १८ मिलिमीटरची प्लाय साधारण ३२ ते ३७ किलोची असते. क्षेत्रफळ जवळपास तीन चौरस मीटर. ती सपाट पडलेली असते तोवर ठीक. पण कड उचलली जाऊन ती वाऱ्याला आडवी झाली, तर ६० च्या वेगाला तिच्यावर सुमारे ५० किलोचा जोर येतो आणि ८० ला सुमारे ९० किलोचा. म्हणजे शीटच्या स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो.

आता खिडकीतून लांब केलेल्या एका हाताने ९० किलो अडवून दाखवा. जिममध्ये जाणाऱ्यांनीही प्रयत्न करू नये. तुम्ही शीट धरलेली नसते. शीटने तुम्हाला धरलेलं असतं.

आत ठेवली म्हणजे सुरक्षित?

"आम्ही टपावर नेत नाही, आतूनच नेतो." बरं. मग फळी कुठे असते? दोन पुढच्या सीटच्या मधून, एक टोक डॅशबोर्डवर आणि दुसरं डिकीबाहेर. म्हणजे तुमच्या कानाच्या बाजूला.

५० च्या वेगाने जाणारी गाडी आदळून थांबली, की पट्टा लावलेला माणूस पट्ट्यामुळे थांबतो. फळीला पट्टा नसतो. ती त्याच वेगाने पुढे जात राहते. ५० चा वेग म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा जमिनीला टेकतानाचा वेग. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कुणी उभी फळी खाली सोडली, तर तुम्ही खाली मान काढून बसाल का? गाडीत बसताच की.

डॅशबोर्डवर टेकवलेल्या फळीचं आणखी एक आहे. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. तिच्या वाटेत जे असेल, ते ती तुमच्या तोंडावर फेकते. तुमचा जीव वाचवायला बसवलेल्या वस्तूच्या तोंडाशी तुम्ही लाकूड ठेवता.

उघडी डिकी आणि "गाडी लागली"

हा मुद्दा फार कमी लोकांना माहीत असतो. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो. डिकी उघडी असली की सायलेन्सरचा धूर तिथून आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो.

लक्षणं काय? डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, झोप येणं. आपण काय म्हणतो? "पोराला गाडी लागली." आल्याची वडी देतो आणि काचा बंद करून एसी वाढवतो! मागे बसलेल्या मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि हृदयविकार असलेल्यांना याचा धोका जास्त.

कोविडनंतर घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. ते कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालंच समजतं आणि ९८ दाखवतं. उघड्या डिकीच्या प्रवासात एकापेक्षा जास्त जणांचं डोकं दुखू लागलं, तर गाडी थांबवा, सगळ्यांना मोकळ्या हवेत उतरवा. कुणी ग्लानीत असेल किंवा बरं वाटत नसेल, तर दवाखान्यात न्या आणि डिकी उघडी होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तुमच्या मागे कोण आहे?

इथवर जे लिहिलं ते तुमच्या स्वतःच्या जिवाबद्दल. स्वतःचा जीव धोक्यात घालायचा हक्क कुणी सांगेलही. पण डिकीबाहेर आलेलं तीन फूट लाकूड नेमकं कुणाच्या उंचीवर असतं ते एकदा गाडीमागे उभं राहून पाहा. दुचाकीवाल्याच्या छाती-गळ्याच्या. फळीचं टोक समोरून पाहिलं तर जेमतेम चार बोटं रुंद दिसतं. संध्याकाळच्या अंधारात तेवढंही नाही, आणि लाल फडकं अंधारात काळंच दिसतं. तुम्ही अचानक ब्रेक दाबता. तो कामावरून घरी निघालेला असतो. त्याने तुमच्या स्वयंपाकघराच्या ट्रॉलीसाठी काय म्हणून मरायचं?

कायद्यालाही हे मान्य नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये, मर्यादेबाहेर पुढे, मागे, बाजूला किंवा वर आलेल्या मालासाठी २०,००० रुपये दंड आहे. माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. खासगी गाडीच्या विम्याचा कागद काढून वाचा. वापराच्या मर्यादेत वैयक्तिक सामान आणि नमुने सोडून मालवाहतूक वगळलेली असते. अपघातानंतर हे वाक्य फार महागात पडू शकतं.

"पण डॉक्टर..."

"टेंपोवाला फार मागतो." खरंय, रविवारी तर तो मागेल ते मागतो. पण आवाज न करता बंद होणाऱ्या बिजागऱ्यांसाठी हजारो रुपये मोजणारी माणसं टेंपोच्या पाच-सहाशे रुपयांवर हुज्जत घालतात, तेव्हा मला ते पैशाचं कारण वाटत नाही. ज्या सुताराकडे खरंच पैसे नसतात त्याला मी दोष देत नाही. माल तुमचा, घर तुमचं. वाहतुकीचे पैसेही तुम्हीच द्यायचे.

"मी सावकाश चालवतो." चांगलं आहे. पण समोरून आडवा येणारा सावकाश येत नाही. आणि ४० चा वेग म्हणजे सुद्धा सहा मीटरवरून पडणं.

"वीस वर्षं नेतोय, काही झालं नाही." ज्यांना काही झालं ते तुमच्यासोबत चहाच्या टपरीवर गप्पा मारायला येत नाहीत. ते आमच्याकडे असतात.

मग करायचं काय?

१. शीट दुकानातच कापून घ्या. बऱ्याच दुकानांत आणि वखारीत कटिंग मशीन असतं. सुताराकडून मापं लिहून घ्या. आठ फुटी शीटचे तुकडे डिकी बंद होईल एवढे झाले, तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

२. अख्खी शीट किंवा लांब पट्ट्या हव्या असतील तर तीनचाकी टेंपो किंवा छोटा हत्ती. शेजारी-पाजारी मिळून एक फेरी करा.

३. आतून नेताच येईल असा माल असेल तर डिकी पूर्ण बंद झाली पाहिजे. माल खाली, सीटच्या पाठीला घट्ट टेकलेला आणि दोन ठिकाणी पट्ट्याने आवळलेला हवा. सुतळी नको, हादऱ्यांनी ती सैल होते. मालाच्या रेषेत पुढे कुणीही बसायचं नाही.

४. माल धरायला माणूस बसवायचा नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही.

५. माल उतरवताना कमरेत वाकून, वळून ओढू नका. मणक्याची गादी सरकायला हीच हालचाल पुरते. दोघांनी धरा, पाय वळवा, कंबर नको.

आणि तरीही काही झालंच तर

शरीरात घुसलेलं लाकूड उपसू नका. तेच कदाचित रक्तवाहिनी दाबून धरून बसलेलं असतं. ते हलू नये असं आजूबाजूला कापड रचा, भोवतीने दाब द्या आणि १०८ ला फोन करा.

जखमेवर हळद, कॉफी पावडर, दंतमंजन काही टाकू नका. स्वच्छ कापडाने दाबून धरा.

मानेला किंवा पाठीला मार असेल, तर आग किंवा गाड्यांचा धोका असल्याशिवाय माणसाला ओढून बाहेर काढू नका.

निखळलेला खांदा हाडवैद्याकडून ओढून घेऊ नका. नस आणि हाड दोन्हीला इजा होऊ शकते.

डोळ्यात कुसळ गेलं तर चोळू नका. कागदी कप वर झाकून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

छोटी वाटणारी कुसळाची जखमही दाखवा. लाकूड बहुतेक वेळा एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफी लागते. आत राहिलेला तुकडा नंतर पू धरतो. मातीची, खोल जखम असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील, तर ते पुन्हा घ्यावं लागतं.

रस्त्यावर दुसऱ्या कुणाला लागलं असेल, तर मदत करायला घाबरू नका. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे.

तो एकोणीस वर्षांचा मुलगा आता हात खांद्यापर्यंत उचलतो. डोक्यावर अजून नाही. मागच्या तपासणीला त्याने मला विचारलं, "रंधा कधी मारता येईल?" त्याला तारीख देणं मला जमलं नाही. पुढच्या रविवारी दुकानाबाहेर तुमच्या तोंडावर "तू फक्त धरून बस" येईल, तेव्हा त्याचा हा प्रश्न आठवा आणि टेंपो बोलवा.

काळजी घ्या, स्वतःची आणि तुमच्यासाठी राबणाऱ्यांचीही.