पंच्याण्णव उड्डाणे आणि मेंढ्यांची कातरणी

वाचकहो, आमच्या वाचनालयात अभ्यासाला येणारा एक विद्यार्थी परवा आम्हांस म्हणाला, "काका, शेतमजुराच्या पोराने पायलट व्हायचे म्हटले की लोक हसतात." त्याला आम्ही एक नाव सांगितले. ते नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावर आले असेल, म्हणून या आठवड्यात सर्वांसाठीच लिहीत आहोत. नाव लेन वॉटर्स. देश ऑस्ट्रेलिया.

लेन यांचा जन्म २० जून १९२४ रोजी न्यू साउथ वेल्स राज्यातील बूमी गावाजवळच्या युराबा वस्तीत झाला. ते कामिलरोई या मूळनिवासी समाजाचे. वस्ती सरकारी देखरेखीखालची. म्हणजे कुणी कुठे राहायचे, कुठे जायचे, हे दुसऱ्याने ठरवायचे! पुढे हे कुटुंब क्वीन्सलँड राज्यातल्या निंडीगली या खेड्यात आले. तेथल्या शाळेत लेन शिकले, पण चौदाव्या वर्षी शाळा सुटली. घरात खाणारी तोंडे पुष्कळ, तेव्हा वडिलांबरोबर मजुरीला जाणे भागच होते.

ती मजुरी कसली, ते ऐकण्यासारखे आहे. कुऱ्हाडीने झाडाच्या बुंध्याभोवतीची साल गोलाकार काढायची. साल तुटली की मुळांकडे जाणारे अन्न तुटते आणि झाड उभ्या उभ्या वाळते. झाडे मेली की गवत माजते, त्या गवतावर मालकाच्या मेंढ्या चरतात. जमीन एके काळी मूळनिवासींचीच होती. आता तीवर दुसऱ्याच्या मेंढ्या चराव्यात म्हणून त्यांचीच लेकरे रोजंदारीवर झाडे मारीत होती. कुळाच्या नाहीतर सालगड्याच्या घरात वाढलेल्या आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण पोराचे डोके आकाशात होते. किंग्सफर्ड स्मिथ आणि लिंडबर्ग या वैमानिकांच्या गोष्टींनी त्यांना लहानपणीच वेड लावले होते.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात युरोपीय वंशाचे नसलेल्यांची भरती नको, असे धोरण होते. आपल्याकडेही महारांची भरती अशीच बंद झाली होती आणि त्याच युद्धात, १९४१ साली, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. माणूस कमी पडू लागला की सरकारला वंशही आठवत नाही आणि जातही आठवत नाही, असे आम्हांस वाटते. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी डार्विन बंदरावर बॉम्ब पडले आणि नियम सैल झाले. हवाई दलाला तर माणसांची गरज आधीपासूनच होती. ऑगस्ट १९४२ मध्ये, अठरा वर्षांचे असताना, लेन हवाई दलात भरती झाले.

पहिले काम जमिनीवरचे, विमानाच्या मेकॅनिकचे. हाती स्पॅनर, अंगावर तेल. पुढच्या वर्षी त्यांनी वैमानिकाच्या शिक्षणासाठी नाव दिले. शाळा सातवी-आठवीच्या वयात सुटलेली, बरोबरची मुले शिकलेली. लेन रात्री जागून गणित आणि बाकीचे विषय पक्के करीत. सोमर्स येथे प्राथमिक शिक्षण, नॅरँडेराला टायगर मॉथ हे लहान विमान, युरनक्विंटीला त्याहून जड विर्रावे, असे टप्पे ओलांडीत १९४४ च्या मध्यावर त्यांच्या छातीवर वैमानिकाचे पंख लागले. दिवसभर कामावर राबून रात्री अभ्यास म्हणजे काय, हे नोकरी करीत बी.कॉम. झालेल्या आम्हांस थोडेफार ठाऊक आहे. पण नापास झालो असतो तर आमचे फार तर एक वर्ष गेले असते. त्यांचे पुन्हा पंख मिळणे कठीण होते.

वर्षअखेरीस ते ७८ व्या स्क्वाड्रनमध्ये न्यू गिनीजवळच्या नोएमफूर बेटावर दाखल झाले. वाट्याला आले किटीहॉक, एका इंजिनाचे, एकाच माणसाचे लढाऊ विमान. गंमत अशी, की त्या विमानावर आधीच्या वैमानिकाने नाव रंगवून ठेवले होते, 'ब्लॅक मॅजिक'! त्या वैमानिकाचे आडनाव ब्लॅकमोर, त्यावरून ते नाव आले. लेनना मौज वाटली, त्यांनी ते तसेच राहू दिले.

नोएमफूर, मोरोताई, ताराकान या भागांत त्यांनी ९५ उड्डाणे केली. बहुतेक कामगिऱ्या जमिनीवरच्या शत्रूवर खाली येऊन मारा करण्याच्या, म्हणजे खालून गोळीबार झेलण्याच्या. एकदा ३७ मिलिमीटरचा तोफगोळा विमानात घुसला आणि फुटलाच नाही, त्यांच्या पाठीमागे अडकून बसला. तसेच दोन तास उडत ते तळावर परतले. उतरताना चाके जरा जोरात आपटली असती तरी काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. युद्ध संपेपर्यंत ते वॉरंट ऑफिसर झाले. काही मोहिमांत तर त्यांच्याहून वरच्या हुद्द्याचे अधिकारी त्यांच्या नेतृत्वाखाली उडत होते.

सर्वांनाच असा मान मिळाला, असे मात्र नाही. त्याच देशाच्या लष्करात टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील मूळनिवासी सैनिकांना गोऱ्यांच्या एक तृतीयांश पगार होता. १९४३ च्या अखेरीस त्यांनी संप केला, तेव्हा तो दोन तृतीयांश झाला. थकबाकी हाती पडायला १९८० चे दशक उजाडले. हिशेबाची टाचणे आम्ही रोज पाहतो, पण चाळीस वर्षांची थकबाकी आमच्या पाहण्यात नाही.

जानेवारी १९४६ मध्ये लेन हवाई दलातून मोकळे झाले. लग्न झाले, पुढे सहा मुले झाली. त्यांच्या मनात एक योजना होती. क्वीन्सलँडच्या नैर्ऋत्य भागात गावे दूरदूर, पावसात काळ्या मातीचे रस्ते बंद. तेथे छोटी विमानसेवा काढायची. कल्पना वेडगळ होती काय? मुळीच नाही. त्याच क्वीन्सलँडच्या पश्चिम भागात, विंटन गावी, १९२० साली पहिल्या महायुद्धातून परतलेल्या फिश आणि मॅकगिनेस या दोन उडणाऱ्या सैनिकांनी हीच कल्पना मांडली होती. मॅकमास्टर नावाच्या मोठ्या मेंढपाळ जमीनदाराने भांडवल उभे करून दिले आणि क्वान्टास कंपनी जन्मली. आज ती जगभर उडते. लेन यांच्याजवळ अनुभव होता, धाडस होते, मेकॅनिकचे कामही येत होते. पण ना कुणी भांडवल दिले, ना सरकारी कचेरीतून परवानगी आली.

परतलेल्या सैनिकांना शेतजमीन देण्याची सरकारी योजनाही होती. तिचा लाभ मूळनिवासी सैनिकांपैकी बोटांवर मोजण्याइतक्यांनाच झाला. केंद्राच्या निवडणुकीत सैन्यात काम केलेल्या मूळनिवासींना मत मिळाले ते १९४९ मध्ये. क्वीन्सलँडच्या राज्य निवडणुकीत त्या समाजाला १९६५ पर्यंत थांबावे लागले.

तेव्हा लेन पुन्हा मेंढ्यांकडे वळले. लोकर कातरणे हे कंबर मोडणारे काम. दिवसभर वाकून मेंढी गुडघ्यांत धरायची, यंत्राची कातरी फिरवायची, ती सोडली की दुसरी ओढायची. मजुरी शेकड्यावर. गणवेश उतरवला आणि आपण पुन्हा पूर्वीचेच काळे माणूस झालो, अशा अर्थाचे ते पुढे बोलले आहेत. युद्धानंतर त्यांनी पुन्हा कधी विमान चालविले नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये कन्नामला गावी, वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर रस्त्याला, बागेला त्यांचे नाव देण्यात आले.

आमच्या त्या विद्यार्थ्याने हे सारे शांतपणे ऐकले आणि पहिला प्रश्न विचारला तो खर्चाचा. "काका, लायसन्सला पैसे किती लागतात?" आकडा ऐकून त्याचा चेहरा उतरला. शिष्यवृत्तीचे कागद घेऊन त्याला रविवारी सकाळी वाचनालयात बोलावले आहे. वाचकांपैकी कुणाला त्यातले माहीत असेल तर त्यांनीही यावे, चहा आमच्याकडे.