पार्किंगमधून गाडी काढताना नवशिके कुठे अडकतात? आधी मान वळवा, मग स्टिअरिंग

पक्कं लायसन्स मिळण्याआधी उमेदवाराला काय काय करून दाखवता आलं पाहिजे, याची यादी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या १५व्या नियमात आहे. तिची सुरुवातच आरसा नीट लावून घेणं, इंजिन सुरू करण्यापूर्वीची खबरदारी आणि उभी गाडी सुरक्षितपणे व सफाईने पुढे काढणं, यांपासून होते. थोडं पुढे आणखी एक कलम आहे : तीव्र चढावर गाडी थांबवून, मागे न घसरू देता पुन्हा उचलणं. रत्नागिरीकरांनी हे कलम डॅशबोर्डवर चिकटवून ठेवावं, अशी आपल्या रस्त्यांची ठेवण आहे.

मारुती मंदिरचा सपाट भाग सोडला की माळनाका, जयस्तंभ करत रस्ता बाजारपेठेकडे उतरत जातो. गाडी मात्र आपण शिकतो मोकळ्या मैदानावर, नाहीतर पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर. शेजारी प्रशिक्षक असतो आणि त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. मग एके दिवशी रामआळीच्या आसपास दोन गाड्यांच्या मध्ये लावलेली गाडी भर दुपारी एकट्याने बाहेर काढायची वेळ येते आणि एसी चालू असून घाम फुटतो. यात लाजण्यासारखं काही नाही. ‘आठ’चा आकडा काढायला जेवढे दिवस दिले जातात, त्यातला एक दिवसही बहुतेकदा या कामाला मिळत नाही.

पाच सेकंदांचं गणित

कडेला उभी गाडी रस्त्यावर आणून सरळ करायला आणि वेग पकडायला नवशिक्याला पाच सेकंद सहज लागतात. ताशी ४० किलोमीटरने येणारी स्कूटर सेकंदाला ११ मीटर कापते, म्हणजे पाच सेकंदांत ५५ मीटर. तेवढ्या अंतरात स्विफ्टच्या आकाराच्या चौदा गाड्या एकामागे एक उभ्या राहतील. मागचा एवढा रस्ता मोकळा दिसल्याशिवाय निघायचं नाही, हा साधा हिशेब. मागे वळण असेल आणि एवढं दिसतच नसेल, तर सोबतच्या माणसाला खाली उतरवून मागे उभं करा. त्यात कमीपणा कसला?

आरसा अर्धंच काम करतो. बाहेरचा आरसा फुगीर असेल तर त्यात जास्त रस्ता मावतो, पण मागची वाहनं आहेत त्यापेक्षा लांब वाटतात. शिवाय गाडीच्या उजव्या मागच्या कोपऱ्यालगतचा एक पट्टा कुठल्याच आरशात येत नाही. दुचाकी नेमकी तिथे असते. म्हणून आतला आरसा, उजवा आरसा आणि शेवटी उजव्या खांद्यावरून मान वळवून प्रत्यक्ष नजर. ही शेवटची नजर टाकायची ती चाक हलण्याच्या क्षणी. दहा सेकंदांपूर्वी पाहिलेला रस्ता आता तसाच असेलच असं नाही.

उजवा इंडिकेटर त्याआधीच लागलेला हवा. पण इंडिकेटर ही सूचना आहे, परवानगी नव्हे. रस्त्यावरून आधीच चालत असलेल्या वाहनाचा हक्क पहिला. इंडिकेटर आणि स्टिअरिंग एकाच दमात फिरवणारे आपल्याकडे भरपूर आहेत, आणि हॉर्न वाजवला की रस्ता आपल्या नावावर झाला असं समजणारे त्याहून जास्त.

रिव्हर्स घेताना

सर्वांत मोठा धोका इथे आहे, आणि तो बाजारापेक्षा घराच्या अंगणात अधिक. गणपतीत वाडीत चाकरमान्यांच्या गाड्या लागतात, एका बाजूला चिऱ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला घर, आणि मध्ये पोरं खेळत असतात. गाडीच्या मागे चिकटून बसलेलं दोन-तीन वर्षांचं मूल मागच्या काचेतून दिसणं शक्यच नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, ते चांगलंच झालं. पण सेन्सर बंपरच्या मागचा मोजकाच भाग पाहतो. बाजूने धावत येणारं मूल त्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि जुन्या गाडीत तर तोही नाही. त्यामुळे दार उघडण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची. मुलं कुठे आहेत हे विचारायचं नाही, डोळ्यांनी बघायचं. आणि ती कुणाच्या तरी हाताला धरलेली असतील तेव्हाच चावी फिरवायची.

ओळीत लावलेली गाडी मागे काढताना आणखी एक घोळ होतो. लक्ष सगळं मागे, आणि स्टिअरिंग लवकर वळवलं की गाडीचं नाक उलट्या बाजूला फिरून शेजारच्या गाडीला घासतं. निदान आपला आरसा शेजारच्या गाडीच्या शेपटापर्यंत येईतो सरळ मागे या, मग वळवा. जागा असेल तिथे लावतानाच रिव्हर्समध्ये लावलेली बरी, म्हणजे निघताना तोंड रस्त्याकडे राहतं. भाट्याच्या किनाऱ्यावरून संध्याकाळी गर्दीत निघताना याचं मोल कळतं.

उतारावर

उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकं कडेकडे वळवून लावतात, ते योग्यच. निघताना हे विसरलं की पंचाईत. क्लच न दाबता चावी फिरवली तर गाडी उसळते. चाकं वळलेलीच राहिली तर पहिली धाव उघड्या गटाराकडे. म्हणून ब्रेक आणि क्लच दाबून इंजिन सुरू करायचं, चाकं सरळ करायची, मागचा रस्ता पाहायचा. तोंड चढाकडे असेल तर हँडब्रेक ओढलेलाच ठेवून क्लच हळूहळू सोडायचा. इंजिनचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं, की हँडब्रेक खाली. हे हाताला बसायला वीस-पंचवीस वेळा करावं लागतं, आणि ते करायला एखादा रिकामा चढ पुरतो.

चाकाखाली दगड लावला असेल तर तो काढणारा माणूस वेगळा हवा, आणि त्या वेळी चालकाचा पाय ब्रेकवर. दगड रस्त्याच्या कडेला नेऊन टाकायचा. तो तिथेच राहिला तर अंधारात मागून येणारा दुचाकीवाला त्यावर आपटतो.

पावसात यात भर पडते. काचा धुरकटतात, उजव्या आरशावर थेंब बसतात आणि कडेच्या तांबड्या चिखलात चाक नुसतं फिरतं. निघण्याआधी दोन मिनिटं ब्लोअर आणि मागच्या काचेचा डिफॉगर लावा, आरसा पुसा, उजवी काच थोडी खाली घ्या. थोडं भिजलं तरी मागची गाडी कानावर येते.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालणार असाल, तर फीबरोबर एवढं विचारून घ्या : शेवटचे दोन तास बाजारात, उतारावर, गाडी लावायला आणि काढायला देणार का? ‘ते नंतर आपोआप जमतं’ असं उत्तर आलं, तर दुसरी स्कूल बघा.