ऐकणेही शिकावे लागते

‘बोलेल हो हळूहळू, याचे वडीलही उशिराच बोलले होते!’ दोन वर्षांचे मूल बोलत नसले, की आपल्याकडे वडीलधारी मंडळी असाच धीर देतात. मागे ताट वाजवायचे, मूल वळले की निर्धास्त व्हायचे. पण मूल जमिनीच्या हादऱ्याने किंवा हाताच्या सावलीनेही वळते. या धीरापायी मोलाची वर्षे हातची जातात, म्हणून आज कॉक्लिअर इम्प्लांटविषयी लिहितो आहे.

आपल्या आंतरकर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यातील सुमारे १५,००० केशपेशी ध्वनीच्या कंपनांचे विद्युतसंदेश घडवतात आणि श्रवणतंतू ते मेंदूकडे नेतो. या पेशी एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा उगवत नाहीत. मग नुसता आवाज मोठा करणारे श्रवणयंत्र पुरे पडत नाही. इम्प्लांट या पेशींना वगळून थेट तंतूलाच चेतवते. कानामागचा मायक्रोफोन आवाज टिपतो, प्रोसेसर त्याचे संकेत बनवतो आणि ते त्वचेआड बसवलेल्या भागाकडे जातात. तेथून शंखात सरकवलेल्या बारीक तारेवरची विद्युतअग्रे तंतूला संदेश देतात.

ही तार वेढ्यांतून आत न्यायची कशी? ऑस्ट्रेलियातील डॉ. ग्रेअम क्लार्क यांना हे कोडे १९७७ मध्ये समुद्रकिनारी सुटले. शंखात गवताची पाती घालून पाहताना त्यांच्या ध्यानात आले, की टोकाशी लवचीक आणि बुडाशी ताठ असलेले पाते खोलवर जाते. १९७८ मध्ये मेलबर्नला त्यांनी पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली. त्यांच्या वडिलांनाही नीट ऐकू येत नसे.

तरीही एक गैरसमज दूर व्हायला हवा. चष्मा लावला की दिसते, तसे इम्प्लांट बसवले की ऐकू येते, असे नाही. वीस-बावीस अग्रांना हजारो केशपेशींची सर कोठून येणार? त्या संकेतांचा अर्थ मेंदूला शिकावा लागतो, आणि जन्मतः बहिऱ्या मुलाचा मेंदू तो पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत सहज शिकतो. त्यासाठी वाचा-उपचार हवेत आणि घरात दिवसभर बोलणारी माणसेही हवीत.

खर्चाची धास्ती खरी आहे. पण केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून गरजू कुटुंबांतील लहान मुलांना मदत मिळते. कोणी इम्प्लांटऐवजी खुणांची भाषा निवडील. तीही परिपूर्ण भाषाच आहे. मात्र मार्ग कोणताही असो, उशीर परवडणारा नाही.

नवजात बाळ झोपलेले असताना काही मिनिटांत त्याच्या कानांची तपासणी होते. प्रत्येक प्रसूतिगृहाने ती केल्याशिवाय बाळाला घरी पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर आपणच डॉक्टरांना विचारूया, ‘बाळाचे कान तपासले का?’