डाव्या बाजूचा पाटा

'दिवाळी अंक आहे, या खेपेस ग्रीस आणि काळे तेल जरा बेतानेच असू द्या,' असे संपादकांनी मला बजावले आहे. त्यांचा शब्द मोडू नये असे फार मनात होते. पण गेल्या आश्विनात आमच्या व्हॅनचा पाटाच मोडला, आणि ती गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

या सदराचे जुने वाचक माझ्या भाच्याला ओळखतात. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतून टॉवेलांच्या गाठी उचलायच्या आणि गोदामात पोचवायच्या, हा त्याचा धंदा. त्या धंद्यासाठी घेतलेली ती जुनी व्हॅन म्हणजे आमच्या घरातले एक माणूसच. तिच्यावर पैसे खर्च करण्याची वेळ आली की भाच्याला हटकून विस्मरण होते. खोटे कशाला बोलू, मलाही होते.

कोजागिरीला सोलापुराहून तुळजापूरला पायी जाण्याची रीत आमच्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, हा सुमारे ४५ किलोमीटरांचा रस्ता त्या दिवसांत माणसांनी अक्षरशः फुलून जातो. सोलापूरचे लोक असतात, तसे कर्नाटकातले आणि तेलंगणातलेही असतात. कित्येकांच्या पायांत वहाणा नसतात. वाटेवर जागोजाग मंडळे पाणी, केळी, साबुदाण्याची खिचडी घेऊन उभी असतात. आमच्या पेठेचेही एक मंडळ आहे, आणि मंडळाला फुकटात मिळणारी व्हॅन अर्थातच आमची.

चतुर्दशीच्या दुपारी, रस्ता वाहनांना बंद होण्याआधी, आम्ही निघालो. आत पाण्याचे २० लिटरचे ५० जार. म्हणजे नुसते पाणीच १००० किलो झाले! शिवाय दोन मोठी पातेली, शेगडी, गॅसची टाकी, केळ्यांचे घड आणि सहा माणसे. त्यांतला मी एकटाच दीड माणसाच्या वजनाचा. जार मागे गडगडू नयेत म्हणून भाच्याने ते सगळे पुढे, ड्रायव्हरच्या पाठीशीच रचले होते. ही युक्ती त्या वेळी मला फार शहाणपणाची वाटली.

तामलवाडी ओलांडल्यावर एका बिनरंगाच्या गतिरोधकावर गाडी आदळली आणि खालून 'फट्ट' असा आवाज आला. कोणीतरी दिवाळीआधीच सुतळी बॉम्ब उडवला, असे भाच्याला वाटले. पुढच्याच क्षणी गाडी डावीकडे ओढू लागली. डावीकडे म्हणजे जिकडून माणसे चालली होती तिकडे! भाचा स्टिअरिंगवर अक्षरशः लोंबकळला. गाडी थांबली तेव्हा डोक्यावर गाठोडे घेतलेली एक अनवाणी म्हातारी आमच्या बंपरपासून दोन हातांवर होती. तिने मागे वळून पाहिले, 'हळू चालव की रे बाळा,' म्हणाली आणि चालू लागली. तिला काहीच झाले नव्हते. माझे गुडघे मात्र कितीतरी वेळ जागेवर आले नाहीत.

मी खाली वाकून पाहिले. डावे चाक मडगार्डाच्या मधोमध असायचे, ते बोटभर मागे सरकले होते. पुढच्या कमानीचा सर्वांत वरचा, सर्वांत लांब असा जो मेन पाटा, तो ॲक्सलच्या जरा पुढे आरपार तुटला होता.

भाच्याने दोर काढला. 'मामा, ट्रकवाले करतात तसं करू. लाकडाचा ठोकळा घालतो, ॲक्सल दोरानं आवळतो, आणि हळूहळू नेऊ. आपली जागा आठच किलोमीटर राहिली.'

ट्रकवाले असे करतात हे खरे आहे. कमानीतला खालचा एखादा आखूड पाटा मोडला, तर रिकामी गाडी चालत्या माणसाच्या गतीने जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते, हेही खरे. पण मेन पाट्याची गोष्ट वेगळी. आपल्याला वाटते की पाटे फक्त वजन पेलतात आणि धक्के गिळतात. आमच्या गाडीसारख्या गाडीत पुढचा ॲक्सल जागच्या जागी धरून ठेवण्याचे कामही पाटेच करतात. मेन पाट्याच्या पुढच्या टोकाला वळवलेला डोळा चासिसला पिनेने अडकवलेला असतो. त्या डोळ्याशी नाते तुटले की ॲक्सल एका अंगाने मागे सरकतो. मग तुम्ही चाक सरळ धरा की न धरा, गाडी त्या अंगाला वळणार. ठोकळ्याने गाडीची उंची सावरते, ॲक्सल काही जागेवर राहत नाही. आणि दोराच्या भरवशावर त्या गर्दीतून जायचे म्हणजे पुढच्या म्हातारीच्या नशिबाची परीक्षा पाहायची.

मी 'नाही' म्हटले. भाचा रागावला, मंडळाचे अध्यक्ष त्याहून रागावले. शेवटी जिथे गाडी मोडली तिथेच, एका कडुलिंबाखाली, आम्ही पातेली मांडली. गाडी रात्री क्रेनने पुढची चाके उचलून सोलापुरात आली. क्रेनवाल्याने किती घेतले ते मी घरी अजून सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी तुटलेला पाटा सोडवून माझ्या हातात दिला. त्यांच्या डाव्या हाताच्या एका बोटाचे पेर नाही. तरुणपणी कमानीचा सेंटर बोल्ट शिकंजा न लावता सोडला, दाबून बसलेले पाटे उसळले आणि पेर गेले. तेव्हापासून ते कमानीला हात लावण्याआधी शिकंजा आवळतात.

'मामा, ही तुटलेली बाजू नीट बघा की. हा निम्मा भाग तांबडा-काळा दिसतोय नव्हं? हा कालचा न्हाई. हा कवाच मोडलाय. ही जी रवाळ चकाकतीय, ती तेवढी काल मोडली.'

मी पाहतच राहिलो. निम्म्या जागेत गंज मुरला होता, तो गुळगुळीत झाला होता. उरलेला निम्मा नव्या खडीसाखरेसारखा लखलखीत. म्हणजे कित्येक महिने आम्ही अर्ध्या पाट्यावर हिंडत होतो.

मग मिस्त्री भाच्याकडे वळले. 'का बे, श्रावणात पायदान वेल्डिंग करून घेतलास, तवा अर्थिंगचा चिमटा कुठं लावला होता?'

चिमटा पाट्यावरच लावला होता! ज्या जागी तो लागला आणि ठिणगी उडाली, तिथे मसुरीएवढा खड्डा पडला होता, आणि चीर नेमकी तिथूनच निघाली होती. स्प्रिंगचे पोलाद कडक असते. ठिणगीने त्यावरचा एक ठिपका तापतो, लगेच निवतो आणि काचेसारखा ठिसूळ होतो. त्यात पाट्याची वरची बाजू म्हणजे ताणाची बाजू. मधोमध ॲक्सलचा टेकू आणि दोन्ही टोकांवर गाडीचे ओझे, अशी पाट्याची अवस्था असल्यामुळे गाडी बसली की वरचा पृष्ठभाग ताणला जातो. चीर पडायची ती तिथे पडते. म्हणून तर चांगले कारखाने त्या बाजूवर पोलादी छर्ऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग आधीच दाबून ठेवतात. आम्ही तिथेच ठिणगी पाडली!

धातू असा हळूहळू मोडतो, हे कळायला माणसाला बरीच किंमत मोजावी लागली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा ॲक्सल तुटला, डब्यांना आग लागली आणि पन्नासाहून अधिक माणसे गेली. दिसायला धडधाकट असलेला ॲक्सल असा तुटतो कसा, याचा विद्वानांना उलगडा होईना. पुढे जर्मनीत आउगुस्ट व्होलर नावाच्या रेल्वे अभियंत्याने वर्षानुवर्षे ॲक्सल फिरवून, वाकवून, मोडून पाहिले. एका दमात जे ओझे काहीच करू शकत नाही, तेच लाखो वेळा पडले तर पोलाद मोडते, हे त्याने दाखवून दिले. आमचा गतिरोधक बिचारा निमित्तमात्र.

आणि खुणा काय थोड्या होत्या! गाडी अंगणात डावा खांदा पाडून उभी राहत होती. वळणावर कुईकुई करीत होती. पाट्यांच्या फटीतून तांबूस ओघळ येत होते. मिस्त्रींनी भाद्रपदातच 'पाटे एकदा बघून घेऊ' म्हटले होते, आणि 'दिवाळीनंतर बघू' हे उत्तर माझे होते, भाच्याचे नव्हे.

आता दुरुस्ती. भाच्याने तीन स्वस्त वाटा सुचवल्या. पहिली, तुटलेला पाटा वेल्ड करणे. त्यावर मिस्त्री नुसते हसले. दुसरी, भंगारातून तसाच एक पाटा आणणे. पण त्या पाट्याने आजवर किती आणि कसले खड्डे खाल्ले, हे त्याच्या अंगावर थोडेच लिहिलेले असते? तिसरी, तेवढा एकच पाटा नवा घालून बाकीचे जुने भट्टीत तापवून, ठोकून उचलून घेणे. पाण्याचा आणि आचेचा नेमका अंदाज असलेले कारागीर पूर्वी होते, आजही कुठे कुठे असतील. पण नुसते तापवून ठोकलेल्या पाट्याचा कस जातो आणि तो काही दिवसांत पुन्हा बसतो.

लोक विचारतात, एवढे पाटे एकावर एक कशाला? एकच जाड पट्टी का नको? तर पट्टीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो. अशी पट्टी धक्का गिळत नाही, तो सरळ आपल्या मणक्याला देते. पातळ पाटे एकमेकांवर घसरत वाकतात, म्हणून ओझेही पेलते आणि लवचीकपणाही राहतो.

शेवटी दोन्ही बाजूंच्या कमानी नव्या आणल्या. डावी नवी आणि उजवी थकलेली ठेवली असती, तर गाडी उजवीकडे कलली असती. यू-बोल्टही नवे घेतले, कारण एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट पुन्हा वापरणे मिस्त्रींना मंजूर नाही. गाडी चासिसखाली घोड्या लावून उचलली, नुसत्या जॅकवर नाही. रबरी बुशांच्या पिना शेवटच्या आवळल्या त्या चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन कमानीवर आल्यावर. अधांतरी आवळल्या तर बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. सुमारे ५०० किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायला बोलावले. त्या वेळी मात्र मी एक दिवसही लांबवला नाही.

राहता राहिला जारांचा प्रश्न. इंजिन पुढे, ड्रायव्हर पुढे, आणि वर हजार किलो पाणीही पुढेच, असा आमचा कारभार. आमच्याच जिल्ह्यात १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रेल्वे एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने सुरू केली. कुठल्याही ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हे धरूनच त्याने इंजिने आणि डबे आखले होते, म्हणून हलक्या रुळांवरही ती गाडी चालली. त्याच बार्शी लाइट रेल्वेच्या कामांवर उमेदवारीच्या काळात कंत्राट घेणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद पुढे मोटारींचा कारखाना काढते झाले. ओझे किती, यापेक्षा ते कुठल्या चाकांवर, हे ज्या जिल्ह्याने सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिले, तिथे आम्ही जार रचत होतो केळी रचावी तसे.

यंदाच्या कोजागिरीसाठी मंडळाने पुन्हा व्हॅन मागितली आहे. मी भाच्याला सांगितले, एका खेपेला पंचवीस जार आणि तेही दोन्ही ॲक्सलांच्या मध्ये. खेपा दोन होऊ देत. तो पस्तिसांवर अडून बसला आहे. काल रात्री तिसावर आला, पण जाता जाता म्हणाला, 'मामा, तुम्ही बसने आलात तर पस्तीस बसतील.'