बिघडलेल्या नमुन्यांची वही

परवा पुतण्या गडहिंग्लजला घरी आला होता. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करतोय. चेहरा पडलेला. म्हणाला, "काका, ६ नमुन्यांतले ४ बिघडले. अहवालात चांगले २ च दाखव म्हणतात."

मला काही ते पटलं नाही. का, ते सांगतो.

त्याचं काम असं. सच्छिद्र सिलिकावर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवायचे आणि त्या उत्प्रेरकाने ४-नायट्रोफिनॉलचं क्षपण करायचं. सोडियम बोरोहायड्राइड घातलं की द्रावण गर्द पिवळं होतं आणि उत्प्रेरकाशिवाय तासन्‌तास तसंच राहतं. उत्प्रेरक उत्तम असेल तर काही मिनिटांत रंग उडतो. तयार होतं ४-अमिनोफिनॉल. त्यापासूनच पॅरासिटामॉल बनवतात.

सगळी मेख तयारीत आहे. भट्टी कमी तापली तर छिद्रं घडवायला वापरलेलं सेंद्रिय द्रव्य आतच उरतं आणि वाट अडते. जास्त तापली तर चांदीचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, छिद्रं ढासळतात. म्हणजे माल तोच, गुण वेगळा!

हे नवं नाही. वनस्पती तूप ज्या प्रक्रियेने बनतं, त्या तेलाच्या हायड्रोजनीकरणासाठी अमेरिकेतल्या मरे रेनी यांनी निकेल-अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूतलं अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने काढून स्पंजासारखं निकेल केलं. त्याचं पेटंट १९२७ चं. पुढे तापमान आणि धुण्याची रीत बदलत त्याचेच डब्ल्यू-१ ते डब्ल्यू-७ असे प्रकार निघाले. कुणीतरी प्रत्येक रीत नीट लिहून ठेवली म्हणूनच ना?

आपल्या गुऱ्हाळातही तेच. ऊस तोच, काहील तीच. पाक कधी उतरवायचा ते गुळव्याला कळतं. तो थकला की ती जाण त्याच्याबरोबर जाते, कारण लिहिलेलं काहीच नसतं. प्रयोगशाळेत तर वही हाताशी आहे. मग आपण त्यातली पानं का लपवायची?

बिघडलेले ४ नमुने म्हणजे पुढच्या पोरासाठी ४ खुणा आहेत: इकडे जाऊ नकोस. त्या लपवल्या तर तोही तीच चांदी, तेच महिने वाया घालवणार. शिवाय २ च बिंदू दाखवून "हेच तापमान उत्तम" म्हणणं हे अर्धं खोटंच.

असो. पुतण्याने सहाही नमुने तापमानासकट अहवालात घालायचं ठरवलंय. गुण कमी पडले तर दोष काकाचा!

तुम्हाला काय वाटतं, मंडळी?