बाबांची पेन्शन किती?

मंगळवार पेठेतलं घर सोडून हिंजवडीत ईएमआय भरणाऱ्यांसाठी आज एकच प्रश्न. बाबांची पेन्शन किती? ‘असेल काहीतरी’ हे उत्तर चालणार नाही.

बाबा सरकारी नोकरीत होते? लकी आहात. पण कोल्हापुरातली कित्येक घरं चालली ती गिरणी, साखर कारखाना, एसटी यांच्या पगारावर. (आपली शाहू मिल तर २००३ मध्येच बंद पडली.) अशा नोकरदारांच्या वाट्याला येते १९९५ ची ‘ईपीएस’ पेन्शन. २०१४ मध्ये सरकारनं तिची किमान रक्कम ठरवली महिना १००० रुपये आणि पुढची दहा वर्षं ती तेवढीच राहिली. महागाई भत्ता नाहीच. तुमचा एका वीकेंडचा पिझ्झा आणि मल्टिप्लेक्स, एवढ्यात बसतं का सांगा!

मग म्हातारपणाचा खर्च भागवतं कोण? रोनाल्ड ली आणि अँड्र्यू मेसन या अमेरिकन अभ्यासकांनी याच हिशेबाची पद्धत बसवली. कोणत्या वयात माणूस किती कमावतो, किती खर्चतो आणि मधली तूट कोण भरतं, ते मांडायचं. भरणारे चारच: स्वतःचे हातपाय, साठवलेली मालमत्ता, सरकार आणि मुलं. सरकारचं वर पाहिलंच. हातपायांचं म्हणाल, तर देवनारच्या आयआयपीएसनं २०१७-१८ मध्ये केलेल्या ‘लासी’ पाहणीत साठीपुढच्या दर तिघांतला एक जण अजून कामच करत होता. हौस म्हणून नव्हे हो, बहुतेकांना ते सुटत नाही म्हणून.

उरलात तुम्ही. आजोबांचं औषधपाणी चार भावंडांनी वाटून घेतलं. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे मुलं निघाली १.७. म्हणजे तुम्ही आणि फार तर ताई. तिच्या सासरीही हीच कथा.

आणि तुमचं स्वतःचं काय? सप्टेंबर २०१४ च्या नियमानं, त्यानंतर पहिली नोकरी लागली आणि बेसिक १५ हजारांवर असेल तर ईपीएस नाहीच. सगळं पीएफमध्ये. तोही जॉब बदलताना काढून बाईक घेतलीत ना?

असो. रविवारी घरी फोन कराल तेव्हा ‘पैसे हवेत का’ विचारू नका. ‘नको रे, भागतंय की’ हेच ऐकू येईल. पासबुकचा फोटो मागा. मेडिक्लेम आहे का, रिन्यू कधी, तेही विचारा. आजी सत्तरीपुढची असेल तर आयुष्मान कार्डाचं बघा. २०२४ पासून या वयाला उत्पन्नाची अट नाही.